हवाई अंतर, दोन बोटं

ती. अक्का, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. गणपतीत लिहायला घेतलं होतं, पण घरात वाद पेटला आणि वादात मला अक्षर सुचत नाही. तुझा गुडघा कसा आहे? माझी साखर वर-खाली असते. (डॉक्टर म्हणतात काळजी करू नका. तेव्हापासून जास्तच काळजी वाटते.)

तर वाद असा. आपल्या सुजीतची लेक अस्मिता कॅनडाच्या पार उत्तरेला नर्स आहे आणि तिचा भाऊ वेदांग तिकडेच दुसऱ्या गावात शाळेत शिकवतो. (गावांची नावं लिहीत नाही. घरात कुणालाच ती धड म्हणता येत नाहीत, मी तर सातवी शिकलेला.) दोन्ही गावं बर्फात, मध्ये रस्ता नाही. तीन वर्षं यांची भाऊबीज फोनवर चालली आहे. ती इकडे पडद्याला ओवाळते, तो तिकडे आपल्याच हाताने लाडू खातो. याला भाऊबीज म्हणायचं?

मी नकाशावर बोटं ठेवून पाहिली. दोन बोटं. सुजीतने कॉम्प्युटरवर काढून दिलं, हवाई अंतर तीनशे किलोमीटर. अगं, सुजीत रोज इथून, अजमानहून, पार अबू धाबीकडच्या मुसफ्फ्याला कामावर जाऊन येतो ते याहून जास्त भरतं, आणि रात्री जेवायला घरी असतो! मी दोघांना फोनवर हुकूम सोडला, यंदा भाऊबीज समोरासमोर. तेव्हा कळलं, त्या दोन गावांमध्ये विमानच नाही. आधी खाली दक्षिणेच्या मोठ्या शहरात उतरायचं, मुक्काम करायचा, मग दुसऱ्या विमानाने पुन्हा वर, तेही हवा बरी असली तर. म्हणजे स्वयंपाकघरातून देवघरात जायला डोंगरापलीकडच्या खोर फक्कानचा वळसा. मग ते अंतर दाखवतात कशाला, असं मी विचारलं. सुजीत म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटर नुसती सरळ रेघ मारतो. त्या रेघेवरून कुणी जात नाही. खलास करा विषय."

मी विषय खलास करणाऱ्यांतला नाही. म्हणालो, तुम्हाला जमत नसेल तर मी जातो, अस्मिताला घेऊन वेदांगच्या दारात उभा राहतो. त्यावर सूनबाई शोभना म्हणाली, "बाबांना आपला एसी चोवीसवर सोसत नाही." मी उठून पासपोर्ट सुजीतपुढे टाकला. आता व्हिसा आला आहे, तिकीटही आलं आहे. शोभना हल्ली गोड आवाजात म्हणते, राहू दे हवं तर बाबा. मी मुळीच राहणार नाही. बर्फ असो की वादळ, हेमचंद्र जाणार.

तुझा,
हेमू

ता.क. अक्का, या वयात व्हिसा कोण देतो, अशा खात्रीने मी बोलून गेलो होतो. तुझा शब्द मी मोडत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. 'हेमू, जाशील तर माझी शपथ' एवढं सुजीतच्या फोनवर पाठव. मी खूप चिडेन, मनावर घेऊ नकोस.

आणखी एक. पाकीट चिकटवणार तोच अस्मिताचा फोन आला. आजोबा येताहेत म्हटल्यावर वेदांगने रजा काढली आहे. दोन विमानं बदलून तो माझ्याआधीच तिच्याकडे पोचणार. "आजोबा, यू आर रिअली कमिंग ना?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. तेव्हा शपथ घालू नकोस. 'जा, हेमू' एवढंच पाठव. पण अक्का, पत्र हाती पडताच पाठव. उशीर झाला तर मी पुन्हा शपथच मागेन.