बापूंसकट सहली

शुक्रवार, २३ जानेवारी

विनता आली. सकाळच्या गाडीने, नागपूरहून. दोन बॅगा अन् संत्र्यांची थैली. दारातच म्हणाली, "काय गं सुखदा, कशी दिसून राहिली तू! आजारी होतीस का?"

नाही. दमले आहे, एवढंच.

शाळेत एका बाकावर होतो आम्ही. मग तिचं लग्न होऊन ती नागपूरला गेली, मी इथेच राहिले. मदन महलच्या याच घरात, वडिलांजवळ, बापूंजवळ. सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार, तर तिला सगळं जबलपूर परत बघायचंय. "भेडाघाट, ग्वारीघाट, किल्ला, सगळं!" मला फक्त झोपायचं होतं. शकु सुट्टीवर गावी गेली आहे. ती दिवसभर बापूंना सांभाळते म्हणून मला नोकरी तरी करता येते. आता खाऊ घालणं, आंघोळ, रात्रीचं उठणं — सगळं माझ्याकडे.

बापूंनी विनताला ओळखलं नाही. पण मला तरी कुठे ओळखतात! आज दिवसभर मी "बाई" होते. "बाई, माझी मुलगी शाळेतून आली का?"

आली, म्हटलं.

शनिवार, २४

भेडाघाट. बापूंना ठेवणार कोणाजवळ? "काकांना घेऊन जाऊ ना, काहून नाही?" — विनता. टॅक्सी तिनेच ठरवली.

धुआंधारच्या वाटेवर बापू प्रत्येक दुकानाशी थांबत होते. संगमरवराचा एक गणपती उचलला तो खाली ठेवेचनात. एका हातात त्यांचा हात, दुसऱ्यात त्यांच्या कपड्यांची पिशवी. धबधबा मी पाहिला कुठे? नुसतं पाणी उडालं अंगावर.

नावेत मात्र गंमत झाली. दोन्हीकडे पांढरे कडे, अन् बापू मधोमध ताठ बसलेले. रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते ना, तसेच बसत असतील शेवटच्या डब्यात. काठाशी आलो तर उतरेनात. "गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही!" आता नाव कशी थांबणार? पाण्यावर ती हलणारच! नाववाला म्हणाला, "बाबूजी, यही लास्ट स्टेशन है." बापूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की आता शिस्तभंगाचा मेमोच देतात त्याला. शेवटी दोघा-तिघांनी नाव दोन्हीकडून घट्ट धरली, तेव्हा कुठे साहेब उतरले. विनता हसून हसून खालीच बसली. मीही हसले.

परतताना टॅक्सीत ती विचारत होती. रात्री किती वेळा उठतात? तुला मारतात का कधी? डॉक्टर काय म्हणतात? मी सांगत गेले. हे कोणी विचारतच नाही ना. सांगता सांगताच डोळे मिटत होते.

रविवार, २५

झोपायला हवं. तरी लिहिते.

आज नर्मदा जयंती. ग्वारीघाट आज नको म्हणत होते मी, पाय ठेवायला जागा नसते. विनता म्हणाली, "लहानपणी दरवर्षी जायचो. चलो ना!" गेलो. रस्ताभर भंडारे, लाउडस्पीकर, माणसाला माणूस घासतंय. मी दिवा सोडायला वाकले, तेवढा हात सुटला. वळून बघते तर बापू नाहीत!

"बापू! बापू!" त्या गोंगाटात कोण ऐकणार? विनता एकीकडे पळाली, मी दुसरीकडे. पायऱ्या, पाणी, पाण्यात बुडी मारणारी डोकी — प्रत्येक पांढरं डोकं मी बघत होते. पोलिसांनी माइकवरून नाव पुकारलं. अन् तिथे उभी असताना — हे कोणालाच सांगणार नाही, इथेच लिहिते — एक क्षण बरं वाटलं. हलकं. जसं कोणी म्हणालं, जा, झालं तुझं. लगेच मी माइकवाल्या पोलिसाला म्हटलं, पुन्हा पुकारा, पुन्हा.

विनताला ते एका भंडाऱ्यात सापडले. पंगतीत मांडी घालून पुरी-भाजी खात होते. मी दंडाला धरून उठवायला लागले तर वाढणारा म्हणतो, "खाने दो दीदी, दादाजी भूखे हैं." भूखे! पोळी-भाजी, दूध, सगळं भरवूनच निघालो होतो घरातून.

घरी येऊन ओरडले त्यांच्यावर. खूप ओरडले. ते घाबरून विनताच्या मागे जाऊन उभे राहिले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस!

बापू झोपल्यावर विनताने सांगितलं. ओट्याशी उभी राहून, माझ्याकडे न बघता. तिला अतुलने पाठवलं आहे. माझ्या धाकट्या भावाने, पुण्याहून!

"म्हणाला, ताई माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. तिकडे एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय त्याने. मी तुला तयार करायचं होतं."

"म्हणजे तू फिरायला नाही आलीस."

"नाही."

दोघीही जेवलो नाही.

सोमवार, २६

कॉलनीत झेंडावंदन झालं. बापूंनी गॅलरीतून सॅल्यूट केला.

मग विनताच म्हणाली, "आज किल्ल्यावर जायचं होतं. तू जा. मी बसते काकांजवळ."

"एकटी?"

"एकटीच. जा ना गं."

रागातच गेले. किल्ला आमच्या गच्चीवरून दिसतो, पण वर चढून किती वर्षं झाली! चांगलाच दम लागला. वर सगळीकडे सेल्फी काढणारी जोडपी. एका उन्हातल्या दगडाला टेकून खाली आपलं घर कुठे दिसतं ते शोधत होते — अन् झोप लागली! दगडावर! चौकीदाराने हाक मारली तेव्हा ऊन पार उतरलं होतं. "दीदी, तबियत तो ठीक है?" म्हटलं, हां भैया, बस सो गई थी. अशी झोप शेवटची कधी लागली होती, आठवत नाही.

घरी आले तर दोघं मटार सोलत बसलेली. विनताच्या हातावर नखांचे ओरखडे, केस विस्कटलेले. "आंघोळीला येत नव्हते," म्हणाली. डोळे लाल. "मी अतुलला फोन करून सांगितलं. सुखदाला मी काही समजावणार नाही. मला एक दिवस नाही झाला गं, अन् तू..." मी तिच्या हाताला हळद लावून दिली.

मंगळवार, २७

विनता गेली. शकु आली. ऑफिसला निघण्याआधी अतुलला फोन लावला. तो उचलताच सुरू — "ताई, वृद्धाश्रम म्हणजे काही वाईट..." मी म्हटलं, आश्रमात नाही. तुझ्या घरी. सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे.

तो म्हणाला, "यशश्रीला विचारून सांगतो."

म्हटलं, बायकोला विचारू नको, सांग. शनिवारी पोचतो आम्ही. येतानाचं तिकीट माझं एकटीचंच काढलं आहे.