उजव्या बाहीची टिचबटणं

चौल,
नारळी पौर्णिमेचा आदला दिवस

प्रिय मैथिली,

‘पत्रात वन्सं लिहिलंस तर न वाचता फाडून टाकीन’ अशी धमकी तू मला लग्नानंतरच्या पहिल्याच पत्राला दिली होतीस, म्हणून आजही नावानेच लिहिते आहे. अक्षर वाकडंतिकडं आलं तर म्हातारपण समजू नकोस. निव्वळ आनंदाने पेन पुढे पळतंय. फोन का नाही केला, असं आता तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि आजची गोष्ट मला अगदी पहिल्यापासून सांगायची आहे. शेवटी तुला एक विचारायचंही आहे. तुझं उत्तर काय येईल याची धास्ती आहे, म्हणून आधी सगळं सांगून घेते. मधली पानं सोडून शेवट वाचायची तुझी सवय मला ठाऊक आहे. आज तसं करायचं नाही!

तर ऐक, मी बूस्टर घेतला! तिसरा डोस! इकडे तो घ्यायला कोणी तयारच नव्हतं. पहिल्या डोसला पहाटेपासून रांगा लावणारी माणसं आता म्हणत होती, साथ गेली, आता कशाला टोचून घ्यायचं? फुकट करून झालं, शाळेत शिबिर ठेवून झालं, तरी आपल्या आळीतली एकही बाई हलेना. आरोग्य केंद्रातली मनाली सिस्टर माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही शिकवलंय या सगळ्यांच्या पोरांना. तुम्ही सांगितलंत तर येतील.” मी घरोघरी हिंडले. कोणी गुडघे पुढे केले, कोणी उपास. शेवटी आपल्या वाडीत सुपाऱ्या सोलायला येते ती सखुबाई मला मागीलदारी ओढून म्हणाली, “बाये, सुईला कोन भितंय? झंपराचा हात काढाया लागतं, त्याची लाज हाय.”

मला एकदम आठवलं. पहिल्या दोन वेळी बायका कोपरापर्यंतच्या घट्ट बाह्यांचे ब्लाउज घालून आल्या होत्या. दंडापर्यंत बाही चढेना, म्हणून अर्धा ब्लाउज उतरवायचा आणि दोघींनी समोर चादर धरायची, असा प्रकार चालला होता. त्यात खाडीकडून वारा सुटला आणि चादर गेली उडून. खिडकीत पुरुषांची रांग! सखुबाई तेव्हापासून त्या शाळेच्या बाजूने जातसुद्धा नव्हती. एवढं साधं कारण, आणि आम्ही लाउडस्पीकरवरून साथीचे धोके समजावत बसलो होतो.

मग तुझी वहिनी मशीनला बसली. ज्या मशीनवर मी तुझ्या विहंगची झबली शिवली, तेच मशीन. आळीतल्या बायकांकडून एकेक जुना ब्लाउज मागवला, उलटा केला, बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उभी कापली, कडा दुमडल्या आणि टिचबटणं लावली. सुई टोचायच्या वेळी टिच टिच उघडायचं, झालं की बंद! सगळ्या बायका खूश. दोन दिवस आपल्या ओट्यावर नुसती चैन होती. अशी वर्दळ तुझा दादा गेल्यापासून त्या ओट्यावर झाली नव्हती.

आता माझा पराक्रम ऐक. ब्लाउज उलटा केला की डावी बाही उजवीकडे येते, हे मी उत्साहाच्या भरात साफ विसरले. सगळीच्या सगळी टिचबटणं उजव्या बाहीला लागली! आणि घरी घालून बघितलं तरी एकीनेही तोंड उघडलं नाही. का, तर ‘बाईंनी केलंय म्हणजे तिसरा उजव्यालाच असनार.’ बत्तीस वर्षं मास्तरकी केल्याचा हा परिणाम. मी स्वतः सिस्टरसमोर बसले, डाव्या दंडावर बटणं चाचपायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मनाली सिस्टर हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. कुठल्याही दंडावर चालतं म्हणाली, आणि आम्हा सगळ्या आळीला उजव्या हातावर टोचलं.

आता तुला वाटेल, एवढा आटापिटा मी आळीच्या भल्यासाठी केला. केलाच. पण मैथिली, तुझ्यापासून काय लपवू, मला त्या शिबिरात जायची स्वतःची घाई होती. टोचून झाल्यावर अर्धा तास खुर्चीत बसवून ठेवतात ना, तो अर्धा तास मला हवा होता.

पहिल्या डोसच्या वेळी शेजारच्या खुर्चीत, म्हणजे मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर सोडून, दयाराम नावाचे एक गृहस्थ होते. पेणकडचे, मिठागरवाले आगरी. जन्मभर ट्रक चालवला, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, आता मुलीच्या शेजारी रेवदंड्याला खोली घेऊन राहतात. मी घाबरून डोळे मिटून बसले होते. त्यांनी मास्कच्या आडून विचारलं, “बाई, चक्कर येते का?” मी म्हटलं, नाही, भीती वाटते. तर म्हणाले, “मना पन वाटते. दोघा मिलून भिऊ.” एवढंच. पण त्या वर्षभरात माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. दोघांचा पहिला डोस एका दिवशी, म्हणून दुसऱ्याची तारीखही एकच आली. त्या वेळी त्यांनी भावाच्या आगरातलं खडं मीठ पिशवीत भरून आणलं होतं. मी पहिल्या वेळी बोलता बोलता म्हटलं होतं, बाजारच्या मिठाने लोणचं टिकत नाही. ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

त्या मिठात मी आपल्या झाडाच्या आंबट बिंबल्यांचं लोणचं घातलं आणि एक बरणी त्यांच्यासाठी बाजूला ठेवली. ती द्यायची कशी? रेवदंडा काही परदेशात नाही, रिक्षा जाते. पण आमच्या वयाच्या बाईने परक्या पुरुषाच्या दारात बरणी घेऊन काय म्हणून उभं राहायचं? बरणी फळीवर राहिली. तिच्यावरची धूळ पुसताना मी दर वेळी स्वतःलाच रागावत असे. म्हणून तिसरा डोस निघाल्याचं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या, आणि लगेच धसका बसला, की त्यांनी तो आधीच घेऊन टाकला असेल तर? मी मनाली सिस्टरला आडून आडून विचारलं, रेवदंड्याची माणसं येऊन गेली का गं? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “बाई, ते दयारामकाका दर आठवड्याला येतात आणि विचारतात, चौलच्या बाई येऊन गेल्या का. तुम्ही दोघं एकमेकांना का नाही विचारत?” मैथिली, या वयात माणूस लाजून लाल होतं का? होतं गं.

शिबिराच्या दिवशी ते आले. मी बरणी दिली. त्यांनी तिथेच झाकण उघडून वास घेतला, ते पुन्हा घट्ट लावलं आणि बरणी मांडीवर धरून बसले. मग त्यांचं लक्ष आळीतल्या बायकांकडे गेलं. सगळ्या ओळीने बसून उजवे दंड चोळत होत्या. मी खालच्या मानेने टिचबटणांची कथा सांगितली. ते पोट धरून हसले, आणि म्हणाले, “उद्या तुमची अख्खी आली उपाशी ऱ्हानार.”

आणि झालं अगदी तसंच! दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत एकाही बाईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. कणकण वेगळीच. भाकरी थापायची कोणी? पुरुष चुलीपुढे जाऊन नुसते उभे, कोणी पीठ सैल भिजवलं, कोणी तवा जाळला. पाववाल्याचे पाव सकाळीच संपले. सखुबाई ओट्यावर बसून मला लाखोली वाहत होती, “बाये, डावा न् उजवा कलत न्हाय न् पोरांना शिकवलंस काय?” तेवढ्यात रिक्षा थांबली. दयाराम उतरले. हातात ही मोठी टोपली, वर धुतलेलं फडकं, आणि आत तांदळाच्या भाकऱ्या. पांढऱ्याशुभ्र, पातळ, अजून वाफ येत असलेल्या. ट्रकवर असताना स्वतःच्या हाताने करून खायची सवय होती म्हणाले. पहाटे उठून थापत बसले होते. अख्ख्या आळीला पुरल्या गं! त्यांनी दारोदार जाऊन वाटल्या. सगळ्यात शेवटी माझ्या ओट्यावर आले, आणि मी त्याच बरणीतलं लोणचं वाढलं, कारण ती बरणीही ते बरोबर घेऊन आले होते.

खाऊन झाल्यावर ते हात धुऊन आले, टोपलीचं फडकं घडी करत बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, चौथा डोस न्हाय काढला तं आपुन कसा भेटाचा?”

मला हसू फुटलं आणि रडूही. मी म्हटलं, आपल्या भेटी सरकारवर कशाला सोपवायच्या, आपण लग्न करू. हो, मीच म्हटलं! तुझी वहिनी, जिला लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तर घाम फुटला होता, तिने. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. मग किती तरी वेळ ते नुसतं “व्हय... व्हय” म्हणत राहिले. त्यांच्या मुलीला, हेमालीला, त्याच संध्याकाळी कळलं. तिने येऊन मला मिठीच मारली आणि म्हणाली, बाबा गेलं वर्षभर घरात लोणच्याच्या गोष्टी का काढतात, ते आत्ता कळलं.

आळीलाही कळलंय. कोणाच्या भुवया वर गेल्या. आगरी आणि बागाईतदार, त्यात वय हे असं. जाऊ देत. भाकऱ्या त्यांनीही चाटूनपुसून खाल्ल्यात. मला त्यांची पर्वा नाही. मला फक्त तुझी आहे, आणि इथून तुझ्या मुलुंडला बातमी पोचायला लाँचसुद्धा लागत नाही. कोणी तरी मीठमसाला लावून सांगायच्या आत माझ्या तोंडून तुला कळावं, म्हणून ही घाई.

तुझ्या दादाला मी विसरले असं तुला वाटेल का? वाडीत खिळा लागला तेव्हा धनुर्वाताच्या इंजेक्शनला एवढा धिप्पाड माणूस माझा हात घट्ट धरून डोळे मिटून बसला होता. आठवतं ना, तू दवाखान्याच्या पायरीवर बसून खिदळत होतीस. मला तिन्ही वेळा सुई टोचून घेताना तोच हात आठवला. हे मी दयारामांना सांगितलं. ते म्हणाले, “मंग तर त्यांचा हात सोरायचाच न्हाय. मी दुसरा धरतो.” त्या दिवसापासून मला कसली अडचण वाटेनाशी झाली आहे. अडचण एकच. आम्हाला मूल झालं नाही, आईबाप केव्हाच गेले. या घरात आल्यापासून माझं म्हणावं असं माणूस एक तूच. दयारामांची बायको झाले तर मी तुझी कोण?

मैथिली, मी लग्न होऊन आले तेव्हा परकरातली तू या दारात आडवे हात करून उभी होतीस. भावाची बहीण म्हणून दार अडवायचा मान तुझा. तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील का, असं विचारलंस, मी मान हलवली, आणि तू हात खाली घेऊन मला आत ओढलंस. मुलगी काही झाली नाही, आणि विहंग माझ्या तावडीतून सुटला. पण तू ओढलेला हात आजपर्यंत सोडला नाहीस. आता मी त्याच दारातून बाहेर निघाले आहे. आता विचारते. नवरीबरोबर माहेरची पाठराखीण जाते, तशी तू माझी पाठराखीण म्हणून येशील का? मला दुसरं माहेर नाही. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, पण तारीखही ठरवणार नाही, हे दयारामांना मी सांगून ठेवलंय. ते म्हणाले, थांबू. हो म्हणालीस तर नवरात्रात अलिबागला जाऊन नोंदणी करू. तू भाऊच्या धक्क्यावरून लाँच धर, आम्ही दोघं रेवसच्या जेट्टीवर उभे असू. आणि लाँचला गर्दी असते, तेव्हा आळस सोड आणि उद्याच जाऊन तिसरा डोस घेऊन ये. फक्त डाव्या हातावर घे गं. उजवा मला लगेच उत्तर लिहायला मोकळा हवा.

तू म्हणशील तोपर्यंत,
तुझीच वहिनी,
अनुसूया