बाबांच्या नावाची दगडरास

एपिरसचे डोंगर, ग्रीस
ऑक्टोबर १९६१

प्रिय लाम्ब्रो,

"ताई, बाबांची कबर उघडू नकोस, आहेत तिथेच राहू देत," हे तुझं पत्र मेलबर्नहून इथवर येईपर्यंत मी कुदळ मारून मोकळी झाले होते. आणि आधी आलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हे तुलाही ठाऊक आहे. सगळ्यांच्या बापांची हाडं पाच वर्षांनी वर काढायची, वाइनने धुऊन पूर्वजांशेजारी ठेवायची, आणि आपल्या बापाला मात्र भिंतीकडच्या ओल्या कोपऱ्यात तसंच ठेवायचं? का म्हणून? तुला जी भीती होती तीच मलाही होती, ती लपवत नाही. ज्याच्यावर गावाने अनाथेमा घातला, शाप घातला, त्याला माती घेत नाही, असं इथे पाळण्यातल्या पोरालाही शिकवतात. बाबा मातीत विरघळले नसतील तर काय, या विचाराने उन्हाळाभर मला अन्न गोड लागलं नाही.

तू मेलबर्नला गेलास तेव्हा तिठ्यावरची शापाच्या दगडांची रास तुझ्या कमरेएवढी होती, ती पुढे माझ्या खांद्याला लागली. झरा आपला की खालच्या गावाचा, या दाव्याच्या वेळी तू लहान होतास. आपल्या गावाने बाबांना साक्षीला नेलं ते मोठ्या भरवशाने. जुना धनगर, डोंगरातला दगड न् दगड ओळखीचा. बाबांनी बायबलवर हात ठेवला आणि म्हणाले, "झरा खालच्या गावाचा आहे. माझे आजोबा त्यांच्याकडे पाणी मागायला जायचे, मी त्यांचं बोट धरून जायचो." संपलं. गावाचा झरा गेला. त्याच रविवारी प्रार्थना सुटल्यावर लोक तिठ्यावर जमले आणि बाबांच्याच चुलतबहिणीने, आपल्या वासिलो आत्याने, पहिला दगड टाकला. "झिसिसवर अनाथेमा!" मग जाईल-येईल तो एकेक दगड टाकू लागला, शाळेत जाणारी पोरंसुद्धा. तू रडत घरी यायचास. आई मात्र तिथून जायचं असलं की मुद्दाम सणाचा रुमाल बांधायची. मी विचारलं तर म्हणाली, "बघणारे एवढे आहेत, मग नीट दिसायला नको?"

त्या दिवसांत आपल्या घरी फक्त मास्तर यायचे. एका दुपारी ते बाबांना म्हणाले, "झिसी, हा शब्द मुळात शाप नव्हताच रे. जुन्या काळी देवळात देवाला वाहून उंच टांगलेली वस्तू म्हणजे अनाथेमा. कुणाची ढाल, कुणाच्या नावेचं सुकाणू. एकदा देवाला दिलं की माणसाने त्याला हात लावायचा नाही. पुढे हात लावायचा नाही म्हणजे जवळच जायचं नाही असं झालं. मग जे देवाच्या रागाच्या हवाली करायचं त्याला लोक तेच म्हणू लागले. आणि आता तर बकरी दूध देईना की तिलाही अनाथेमा!" बाबांनी त्यांचा पेला भरला. "म्हणजे मास्तर, गावाने मला देवाला वाहिलंय म्हणा की! मग एवढे दगड कशाला वाहायचे, दोन मेणबत्त्यांत भागलं असतं." त्यानंतर तिठ्यावरून जाताना बाबा टोपी काढून त्या राशीला नमस्कार करू लागले. गाव आणखीच खवळलं. असा आपला बाप होता, लाम्ब्रो, आणि मी त्याची लेक आहे.

तर, कबरीची गोष्ट. मी खणायला घेतलं तेव्हा सगळ्या बायकांना त्याच सकाळी कब्रस्तानात काम निघालं. कुणी दिवा लावायला आलेली, कुणी गवत उपटायला. नजरा सगळ्यांच्या माझ्या खड्ड्यात. फळी लागली, मी ती उचलली. कोट जसाच्या तसा होता, आणि कोटाच्या आत बाबा होते. अजून बाबाच होते. वासिलो आत्याने छाती पिटून घेतली, "विरघळला नाही गं बाई! आमचाच शाप लागला! आता हा उठून गावात फिरणार!" पाद्रीबाबा थोमास कळवळून सांगत होते, "अगं, हा कोपरा चिकणमातीचा आहे, इथे असंच होतं, मी कितीदा पाहिलंय." पण ऐकतंय कोण? तासाभरात पुरुषमाणसंही धापा टाकत आली. शाप घालणाऱ्यांनीच मेलेल्याला माफ केलं की माती त्याला घेते, हे सगळ्यांना एकदम आठवलं. खड्ड्याच्या काठावर रांग लागली. "झिसिसला आम्ही माफ केलं, झिसिसला आम्ही माफ केलं."

मला काय झालं सांगू? रडू आलं होतं, ते जागच्या जागी आटलं. मी खड्ड्यातूनच ओरडले, "थांबा! कोण कुणाला माफ करतंय? त्यांनी देवासमोर खरं सांगितलं. खोटं बोलले असते तर पहिला दगड मीच टाकला असता. माफी द्यायला आलात होय? मागायची असेल तर थांबा, नाहीतर फळी झाकते आणि जाते घरी. रात्री दार वाजलं तर तुमचं तुम्ही उघडा!" मी फळीला हात घातला. मला वाटलं, संपलं आता, हट्टापायी बापाला कायमचा त्या चिखलात घालवला मी. तेवढ्यात वासिलो आत्या काठी टाकून गुडघ्यांवर बसली. "झिसी, झरा त्यांचाच होता रे. मलाही ठाऊक होतं. मीही आजोबांबरोबर जायची. माफ कर मला, भावा." मग एकेक जण पुढे आला. तोंडाने मोठा तो पाणक्या सोतिरिससुद्धा टोपी चुरगाळत उभा होता. तेव्हा मात्र मी रडले, अगदी हमसाहमशी, आणि त्यातलं एकही आसू दुःखाचं नव्हतं. मग बाप्यांनीच वरच्या अंगाला, सरूच्या झाडाखाली, कोरड्या जमिनीत नवा खड्डा खणला आणि बाबांना तिथे नेलं. दोन-तीन वर्षांत हाडं स्वच्छ होतील, असं पाद्रीबाबा म्हणतात. तिठ्यावरची रास अजून आहे, पण तिच्यावर नवा दगड पडलेला नाही.

हे सगळं तुला एवढं सविस्तर लिहिलं ते तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीपायी, जी तू घाईघाईत कागदाच्या कडेला लिहिली होतीस. नाताळात बाळाचा बाप्तिस्मा आहे, आणि नाव सासऱ्यांचं ठेवायचं ठरलंय, कारण "ते दुसरं नाव माझ्या पोराच्या माथी नको." थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, हे तुला मी शिकवायला नको. तू तुझ्या घरचा मालक आहेस, तुझ्यावर माझी जबरदस्ती नाही. फक्त एवढंच सांगते की काल मी बाळासाठी सोन्याचा क्रॉस करायला टाकला. बाजारचा दिवस होता, दुकानात आपलं अर्धं गाव होतं. सोनाराने विचारलं, मागे नाव कोणतं कोरू? मी चौकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, झिसिस. आणि लाम्ब्रो, दुकानातल्या सगळ्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

तुझीच, मान ताठ असलेली ताई,
गारुफालिया