जवळच्या माणसाचा नंबर

३ नोव्हेंबर
आज अकोल्याला. हृदयाच्या पेशंटांसाठी आम्ही जे अ‍ॅप करतोय ते म्हाताऱ्या माणसांना वाचता येतं का, हे बघायला. बाकीचे चुकतमाकत का होईना, पुढे गेले. बाळापूर रोडवर फुलशेती करणारे भगवंतकाका मात्र पहिल्याच पानावर अडले. बोट फोनवर, नजर बाहेर झेंडूच्या वाफ्यांकडे. 'दिसत नाही का काका?' म्हटलं. 'मंग पाहतो,' म्हणाले आणि फोन पालथा ठेवून दिला.
परतीच्या एसटीत, मूर्तिजापूर यायच्या आतच ठरवून टाकलं — अक्षर लहान पडतंय.

५ नोव्हेंबर
अक्षर वाढवलं. पांढऱ्यावर काळं. पहिल्या पानावरचं 'आपत्कालीन संपर्क' काढून 'जवळच्या माणसाचा नंबर' लिहिलं. केदार पुण्यात बसून कोड लिहितो, त्याला फोनवर वाचून दाखवलं. 'छान,' म्हणाला आणि ठेवला. दिवसभरात माझ्याशी कोणी बोललेला एवढाच एक शब्द.

९ नोव्हेंबर
रविवार. आई गेल्यावर कुकर लहान घेतला. तरी भात उरतोच.

१२ नोव्हेंबर
पुन्हा काकांकडे. नवं पान दाखवलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग म्हणाले — 'अक्षर तं दिसते बाई. पयलेबी दिसत होतं. पन नाव कोनाचं टाकू?'
बायको गेली. एकच पोरगी होती, तीही गेली. भाऊ हिवरखेडला, पण जाणंयेणं नाही.
'खोटंच एखांदं टाकू का?'
ते पान सक्तीचं मीच केलंय. रिकामं ठेवलं की 'पुढे'चं बटण दबतच नाही. इतके दिवस मी त्यांचे डोळे तपासत बसले होते.
घरी येऊन तेच पान माझ्या फोनवर उघडलं. आईचा नंबर अजून तसाच आहे. बाकी यादीवर नुसतं बोट फिरवत राहिले. मग बंद केलं.

१३ नोव्हेंबर
हे अ‍ॅप ज्या दवाखान्यासाठी आहे, तिथल्या रागिणी मॅडमना म्हटलं, ते पान सक्तीचं नको. त्यांचं म्हणणं — 'एकट्या माणसाला काही झालं तर आम्ही कळवायचं कोणाला?' चूक नव्हतं ते. मी म्हटलं, 'पण मॅडम, ज्याचं कोणी नाही त्यालाच आपण बाहेर ठेवतोय.' 'बघू पुढच्या महिन्यात.'

१९ नोव्हेंबर
काका दवाखान्यात. पाय सुजले होते. उभ्यानं फुलं तोडून सुजले असतील म्हणून ते गरम पाण्यात पाय बुडवून बसायचे. धाप लागली तेव्हा फुलं न्यायला आलेल्या ऑटोवाल्यानं अकोल्याला पोचवलं.
'पाय सुजले तर वाट पाहू नका. त्याच दिवशी फोन करा.' किती दिवस घासून सोपं केलेलं वाक्य. अ‍ॅपच्या दुसऱ्या पानावर होतं.
रागिणी मॅडमचा स्वतःहून फोन आला. 'तो बदल आजच करून टाका.'

२१ नोव्हेंबर
झाला बदल. 'सध्या कोणी नाही' असं बटण. ते दाबलं की रोज सकाळी नर्सचा फोन येणार.
वॉर्डात जाऊन दाखवलं. काकांना उतार आहे, बसून जेवतात. त्यांनी सावकाश, मोठ्यानं वाचलं — 'सध्या कोनी नाई.' बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. 'राहू द्या बाई. सुट्टी झाल्यावर पाहीन.'
मग पाय सुजले तर काय करायचं, ते मीच तोंडी सांगितलं. त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

२८ नोव्हेंबर
सकाळी काकांचा फोन. 'ते बटन म्या दाबलं नाई. शेताच्या धुऱ्यापल्याड तानुबाई हाय ना, तिच्याशी त्याच धुऱ्यावरून भांडन. कितीक सालापासून बोललो नव्हतो. तिच्या घरी गेलो, म्हटलं, तुवं नाव टाकू का? ती म्हने, टाक. मंग च्या मांडला तिनं.'
फोन ठेवला. मग ओढणी घेतली आणि समोरच्या दाराची बेल वाजवली. पाटीवर नाव मोनाली, इतकंच माहीत. तिनं दार उघडलं. म्हटलं, 'मी समोरची जुईली. तुमचा नंबर मिळेल का?'