चोवीस तारखेची संध्याकाळ

६ जून

तिकिटं आली! फोनात आली. कागद नाही, शिक्का नाही, नुसतं काळ्या ठिपक्यांचं चौकोनी भरतकाम. हरिणी म्हणते, "आज्जी, हेच तिकीट." असू दे. चोवीस तारखेला मिनकंबी तंजावरला येणार आणि मी जाणार.

मिनकंबी म्हणजे दोघं. एक मुलगी, एक मुलगा, चेन्नैचे. वीणा नाही, मृदंग नाही, गाणारं कोणी नाही. मेजावर यंत्रं मांडतात आणि त्यातून आवाज काढतात. मी तांदूळ निवडत होते तेव्हा नातीनं एकदा तिचा फोन माझ्या कानाला लावला, तेव्हापासून ऐकते. त्यात कोणी देवाला आळवत नाही, नवऱ्याला आळवत नाही. नुसता ठोका. आणि ठोक्याखालून काहीतरी सरकत राहतं — कालव्याला पाणी सोडल्यावर सरकतं तसं.

सून म्हणते, "मिक्सर बिघडल्यासारखं वाटतं." वत्सलाला मिक्सरचं काय ठाऊक! मसाला पाकिटातला, चटणीही पाकिटातली.

शनिवार-रविवार कोयंबत्तूरला आणि मदुरैला. आम्हाला बुधवार. उरलंसुरलं तंजावरला!

९ जून

शेजारच्या गंगाबाईनं अनारसे पाठवले. अधिक महिन्याचं वाण जावयाला दिलं, त्यातले उरलेले. कडक! जावयाचे दात पडले की नाही कोण जाणे. मी गरम काप्पीत बुडवून खाल्ले.

खातच होते, तर सतीशकुमार भिंतीवरच्या तमिळ कॅलेंडरशी उभा. पान मागे, पान पुढे. एकदम म्हणाला, "आई, चोवीसला अप्पांचं श्राद्ध."

"कोण म्हणतं?"

"तमिळ आनी महिन्यातली शुद्ध दशमी. गेल्या वर्षी आनीतच केलं, त्याच्या आधीही आनीत. कल्याणराम वाध्यारांनाही फोनवर विचारलं. चोवीसच."

आमचे रंगराव भटजी लेकीकडे बेंगळूरला गेलेत, म्हणून हे नवे तमिळ वाध्यार. असोत. मग मुलगा माझ्याकडे न बघता म्हणतो, "आता ते तिकीट विसर."

विसर!

जिवंत होते तेव्हा माझी प्रत्येक संध्याकाळ यांची. रेडिओवर गाण्याची कचेरी लागली की हे खुर्चीत, डोळे मिटून, मांडीवर ताल. मी आत. भांडं वाजलं तर खेकसत. आराधनेच्या गाण्यांना दर वर्षी तिरुवैयारूला नेत — हे पुढे सतरंजीवर, मी मागे पंगतीच्या चुलीशी. जन्मभर गाणं ऐकलं ते फोडणीतून. कुठल्याच गाण्याची सुरुवात मला येत नाही. शेवट तेवढे येतात, कारण शेवटाला काप्पी न्यायची असे.

आता एक गोष्ट माझी मी निवडली. पहिल्यांदा. तर मेलेला माणूस नेमका त्याच दिवशी जेवायला येतो!

१० जून

झोप नाही. राग आहे.

१३ जून

आज सांगून टाकलं.

श्राद्धाचा स्वयंपाक मडीचा, सोवळ्यातला. न्हाऊन ओल्यानं चुलीशी बसायचं, कोणाला शिवायचं नाही, चव घ्यायची नाही. मिरची चालत नाही, मिरे. उडदाचे वडे, खीर, कच्च्या केळ्याची भाजी, तिळाची चटणी. या घरात हे मला एकटीला येतं. म्हणाले, "चोवीसला संध्याकाळी मी जाणार नसेन तर सकाळी चुलीशीही जाणार नाही. वत्सला करील."

वत्सलाचं तोंड बघण्यासारखं झालं. "मी? अय्यो! वडे मला कुठे येतात?"

"यूट्यूब बघ."

सतीशकुमार तापला. "लोक काय म्हणतील? सकाळी पिंड आणि संध्याकाळी डान्स?"

"डान्स कोण करतंय? माझ्या गुडघ्यांना विचार."

"अप्पांना काय वाटेल?"

"जेवून उठल्यावर त्यांना कधी काही वाटलेलं मी पाहिलं नाही."

हरिणी हसू दाबायला पाणी प्यायली, ते नाकातून आलं. तिच्यावरही ओरडला. मग चप्पल घालून निघून गेला. जाऊ दे. उन्हात फिरला की डोकं निवतं त्याचं — बापाचंही तसंच.

हे सगळं बिनधास्त लिहिते आहे, कारण घरात कोणाला देवनागरी वाचता येत नाही. तमिळ वाचतात, इंग्रजी वाचतात, मराठी नुसतं बोलतात, तेही मोडकं. वाचणारा एकच होता. तो असेतो मी एक ओळ लिहिली नाही.

१६ जून

कल्याणराम वाध्यार सामानाची यादी द्यायला आले. हरिणीहून थोडे मोठे असतील. शेंडी आहे, कानात फोनचं बोंडूकही आहे. मी दारातच विचारलं, "श्राद्धाच्या दिवशी बाहेर हिंडायचं नाही, रात्री जेवायचं नाही — हे बंधन कोणाला?"

"कर्त्याला, मामी."

"कर्ता कोण?"

"तुमचा मुलगा."

"ऐकलंस रे?"

सतीशकुमारनं वाध्यारांकडे असं पाहिलं, जणू भर कोर्टात त्याचाच वकील फिरला. वाध्यार जाता जाता हळूच म्हणाले, "मामी, कुठली कचेरी?" मी नाव सांगितलं. बघतच राहिले.

"मिनकंबी? मला तिकीट मिळालं नाही!"

१८ जून

सतीशकुमार माझ्याशी बोलत नाही. काप्पी मात्र पितो.

२४ जून, दुपार

वडे झाले. खीर झाली. ब्राह्मण जेवून गेले, तृप्त झालो म्हणाले.

कावळा आला नाही.

सतीशकुमार गच्चीवर पान ठेवून हाका मारून मारून दमला. इतर दिवशी माझे पापड वाळू देत नाहीत मेले, आज एक नाही! दर्भाचा कावळा करून शिववला शेवटी. पानावरचं खारीनं नेलं. खाली येऊन माझ्यापुढे उभा राहिला. डोळे लाल. "बघितलंस? अप्पा रागावलेत. तुझ्यामुळे."



रुसलेत तर रुसोत. यांचं रुसणं मला नवं नाही. आयुष्यभर मनधरणी केली, आज करणार नाही. लुगडं बदलते आहे. हरिणीनं रिक्षा बोलावली.

२५ जून

आधी राग लिहून टाकते.

फाटकाशी तपासणाऱ्या पोरीनं माझी पानाची डबी काढून घेतली. "पाट्टी," म्हणजे आज्जी, "आत चालत नाही." आत काय चालतं ते मी पाहिलं, पान बरं!

जागा धरायला म्हणून ऊन होतं तेव्हाच जमखाना घेऊन गेलो. तिरुवैयारूला असंच करतात — लवकर जायचं, पुढे अंथरायचं, मग हलायचं नाही. कॉलेजच्या मैदानात मी पार पुढे अंथरला आणि मांडी घालून बसले. हळूहळू लोक भरले. सगळे उभे! बसायचं नसतंच म्हणे. हरिणीला म्हणाले, "सांगायला तोंड नव्हतं?" ती म्हणते, "आज्जी, मला वाटलं तू गुडघ्यांसाठी आणलास." माझ्या भोवती नुसत्या विजारी. फाटक्या, मुद्दाम फाडलेल्या. आयांनी शिवून द्यायला नकोत?

त्यात उशीर. दिवस मावळला तरी पत्ता नाही.

मग आले. फोटोपेक्षा किडकिडीत दोघं. नमस्कार नाही, माना खाली. आणि पहिलंच माझं — मी तांदूळ निवडताना ऐकते ते! सुरुवात घरच्यासारखी. मग त्या मुलीनं ठोकाच काढून टाकला! मोडलं माझं गाणं! मी ओरडले, "हे काय!" कोणाला ऐकू जाणार? इतका संताप आला की उठले. हरिणीचा खांदा धरून, गुडघ्यांना शिव्या देत.

उठले म्हणून दिसलं. ती मुलगी एक खुंटी फिरवत होती. एवढीशी. फिरवायची, थांबायची, लोकांकडे बघायची, परत एवढीशी. हातानं मीठ घालतात तसं. फोनातलं ते एकदाच करून ठेवलेलं. हे आत्ता शिजत होतं, आमच्यासमोर.

मग ठोका परत आला. कानातून नाही — तळपायातून. पोटात शिरला, छातीत शिरला, माझ्या बांगड्या आपोआप वाजल्या. खाली बघते तर माझा हात मांडीवर ताल धरतो आहे. थेट यांच्यासारखा, करंगळीपासून बोटं मोजत. त्या हाताचाही राग आला. बाजूला केला. परत गेला. मग राहू दिला.

ते संपलं तशी मी ओरडले, "भेष!" कचेरीत ओरडतात तसं. नेमकं मैदान गप्प होतं. पोरं वळून बघायला लागली, हरिणी लाजेनं लाल. त्या मुलीनं मान वर केली, मला शोधलं, आणि यंत्रावरचे दोन्ही हात उचलून जोडले.

सुरुवात ऐकली. शेवट ऐकला. मध्ये कोणी काप्पी मागितली नाही.

डबी परत मिळाली. आतली पानं गायब!

२८ जून

मुलगा अजून फुगलेला. आज म्हणाला, "पुढच्या वर्षी तरी अप्पांना उपाशी पाठवू नको."

माझ्या हातचं खाऊन तो माणूस कधी उपाशी उठला नाही! हे तोंडावर सांगितलं. सांगून आत आले आणि वाटाण्याचा डबा उगीच आपटला.

कावळ्याचं मनातून जात नाही. एका संध्याकाळचा एवढा राग? वड्यालासुद्धा तोंड लावलं नाही? हट्टी माणूस. मेल्यावर तरी सुधारावं.

३ जुलै

रंगराव भटजी बेंगळूरहून आले. दारातूनच म्हणाले, "वेंकटरावांच्या श्राद्धाला यंदा मी आहे हां. चोवीस जुलै."

सतीशकुमार म्हणाला, "झालं की, जूनमध्ये."

"अरे, तो ज्येष्ठ! यंदा अधिक महिना आला ना मध्ये? तुझे अप्पा आषाढात गेले. मागची दोन वर्षं आषाढातली दशमी आनीत पडली, म्हणून काय ते आनीत गेले? आपली तिथी तमिळ महिन्यावर बघतात होय?"

पंचांग बघायचं काम यांचं होतं. गंगाबाईचे अधिकातले अनारसे मी खाल्ले ते नुसते तोंडानं.

म्हणजे त्या दिवशी हे आलेच नव्हते. रुसले नव्हते. माझी संध्याकाळ मागितली नव्हती यांनी.

सतीशकुमार खाली बघून म्हणाला, "परत सगळं करायचं. जमेल का, आई?"

करीन. मिरे जरा जास्त घालीन, यांना लागत. आणि संध्याकाळी घरीच आहे. मिनकंबी लावीन, सुरुवातीपासून. ऐकायचं तर ऐकोत.

खुर्चीत मी बसेन.