जालीमसिंग सुधारला

३ डिसेंबर १९५४. भामरागडकडचा कूप

मुकादमानं आज पुन्हा झोपेत आंगावर पाणी टाकलं. अख्खी बादली. वरून ओरडला, "काय बे शिवा, सासरवाडीले आला का?" त्याचा आवाज नदीच्या पलीकडे जाते. थंडीनं दात वाजत होते, पण आतून खूष. जेवणाच्या सुट्टीत एका बैठकीत चार पानं झाली. मु. (मुकादम) शिवी देते तवा लेखणी आपोआप धावते. सहावं प्रकरण संपलं. कादंबरीतला जालीमसिंग म्हणजे हाच. शेवटी त्याले वाघ खाणार. कोणत्या प्रकरणात ते ठरलं नाई.

बाकी दिवसभर कूपात तोडलेल्या लाकडावर डांबरानं नंबर टाकले. हात काळे, म्हणून कादंबरीची पानंही काळी. चौथी पास माणसाची पहिली कादंबरी. अशीच दिसन.

६ डिसें.

कवडू भाऊनं बातमी आणली. (आमचा स्वयंपाकी. भाजीत मीठ राहो न राहो, बातमीत राहते.) रेंजर साहेबाची मोठी बहीण नागपूरहून आली. कादंबऱ्या लिहिते. दोन छापल्या. छापल्या!

नंबराचा कागद द्यायचं निमित्त करून क्वार्टरवर गेलो. बाई आंगणात खाटेवर कादंबरीची ओली झालेली पानं वाळत घालून बसल्या होत्या, पानावर नदीचे गोटे. तोंडात सुपारी. म्हटलं, मीही लिहितो जी. हसतील वाटलं. नाई हसल्या. दोन गोटे सरकवून मले बसायले जागा दिली.

"कशावरून सुचली?"

"मुकादमावरून. लय जालीम माणूस हाय."

"माझी जावेवरून सुचली. पुस्तक आलं, तिनं स्वतःला ओळखलं. तीन वर्षं झाली, बोलत नाही. घरात इतकी शांतता झाली, की दुसरी कादंबरी लिहून झाली."

"अन् आता नवीन कोणावर?"

"भावावर लिहावं म्हणून आले इथं. तर हा दिवसभर जंगलात, घरी आला की जेवतो अन् झोपतो. झोपलेल्या माणसावर किती पानं लिहिणार?"

२२ जानेवारीले त्या परत जाणार. तवापर्यंत माझी झाली तं सोबत नेते म्हणाल्या, प्रकाशकाले दाखवते. "पण पूर्ण पाहिजे. अर्धी कादंबरी कोणी हातात धरत नाही."

येताना पाय जमिनीवर नव्हते. छापलं तं नागपूर. डांबर सुटलं, बादली सुटली, हे जंगल सुटलं. तिथी एक खोली घ्यायची अन्

९ डिसें.

घात झाला. कवडू भाऊले सहावं प्रकरण वाचून दाखवलं होतं. त्यानं जाऊन मु. ले सांगतलं. सगळं नाई सांगतलं म्हणते, "तुमी पुस्तकात हाव" एवढंच. मु. नं बोलावलं.

"माह्यावर लिवून राह्यला म्हंते?"

"हो जी."

"पुस्तक?"

"हो जी."

मग खांद्यावरचा गमछा काढून झटकला अन् पुन्हा नीट टाकला. "चांगलं केलं. पोथीत कोनाचं नाव येते? देवाचंच येते ना."

त्यानं जिंदगीत ऐकलेलं पुस्तक म्हणजे पोथी. मी मान हलवली. वाचलो वाटलं. तेवढ्यात कवडू चुलीपासून ओरडून म्हणते, "रावनाचंबी येते, मुकादम."

मु. चा चेहरा उतरला.

"शिवा, मी कोन हाव त्याच्यात?"

म्हटलं, "अजून ठरून राह्यलं."

१२ डिसें.

कॅम्पात भीतीचं वातावरण. मु. सकाळी बादली न घेता आला. वाकून, कानाजवळ, "उठा जी भाऊ, सूर्यनारायण आले." दोघं जण घाबरून पांघरुणासकट पळाले. कवडू म्हणते, ताप डोक्यात गेला. लालसू म्हणते, माणूस जायच्या आधी असा गोड होते. (लालसू इथलाच माडिया आदिवासी. कुऱ्हाडीचा कूपात पहिला नंबर, बोलण्याचा शेवटला.)

दुपारी कोंबडी होती. तंगडी दरवर्षी मु. ची. आज त्यानं आपल्या हातानं माझ्या पानात टाकली. "खा बाबू. लिवनाऱ्याले ताकद लागते."

गळ्याखाली उतरली नाई. म्हणजे उतरली, पण चव लागली नाई.

१६ डिसें.

सात दिवस एक ओळ नाई. सातव्या प्रकरणात जालीमसिंग म्हाताऱ्या स्वयंपाक्याचा भातानं भरलेला गंज, अख्खं पातेलं, लाथेनं उडवणार होता. इथी खरा जालीमसिंग कवडूचा हात मुरगळला म्हणून त्याचं पाणी वाहून राह्यला. दोन खांद्यावर दोन घागरी.

त्याले चिडवायचं ठरवलं. एका सागावर नंबर उलटा टाकला. मु. नं मान वाकडी करून वाचला (आकडे येतात त्याले). "होते बाबू. मानूस हाय." दुसऱ्या दिवशी दोन लाकडाले एकच नंबर दिला. "जुळे भाऊ हायत का हे?" अन् आपणच हसला. आज ऊन डोळ्यावर येईपर्यंत मुद्दाम झोपून राह्यलो. बादलीची वाट पाहून राह्यलो तं आंगावर काईतरी गरम पडलं. त्याचं घोंगडं.

माझी कादंबरी बुडाली.

१९ डिसें.

बाईकडे. सहा प्रकरणं दिली. त्यांनी तिथीच बसून वाचली, मी आंगणातले गोटे मोजत होतो. अधून मधून हसल्या. जिथी हसल्या ते प्रकरण रडायचं होतं.

सगळं सांगतलं. माणूस सुधारून राह्यला, काय करू.

"माझी जाऊ पुस्तक वाचून सुधारली नाही. तुझा तर वाचायच्या आधीच सुधारला! तुझी कादंबरी माझ्याहून भारी दिसते."

"थट्टा नका करू जी. महिना राह्यला."

मग चष्मा काढला त्यांनी. "तो ओरडतो, पाणी टाकतो, शिव्या देतो. सहा प्रकरणं तेच. तो कशाला घाबरतो? घरी कोण आहे? एकटा असला की काय करतो?"

यातलं एकही मले माहीत नव्हतं. तीन साल झाले त्याच्या हाताखाली.

"माझं जावेवरचं पुस्तक तसंच झालं," हळूच म्हणाल्या. "लोकांना आवडलं. मला आता वाचवत नाही. तिला मी काहीच विचारलं नव्हतं."

येताना वाटलं, यापरीस बादली बरी.

२३ डिसें.

मु. ले म्हटलं, तुमचं सगळं सांगा, लिहायचं हाय. खूष झाला. पाय धुऊन बसला, जसा पूजेले. वाघ मारला म्हणे. एकट्यानं, कुऱ्हाडीनं. वाघ अंगावर आला, यानं एकच घाव.

लालसू बाजूले बसून कुऱ्हाडीले दांडा बसवत होता. वर न पाहता म्हणते, "मेला होता."

"कोन?"

"वाघ. आंदीच. वास येत होता."

मु. नं माझ्याकडे पाह्यलं. "ते नोको लिवू." मग सांगतलं, दरसाल कूप सुरू झाला की पहिले आठ दिवस झोप लागत नाई, घर आठवते. बायको राधाबाई, मूल नावाच्या मोठ्या गावाजवळ राहते. लेकरू नाई. तिच्या हातची करडईची भाजी. सांगताना तोच आवाज, नदीपलीकडे जाणारा, फक्त बळंच दाबलेला. घोगरा झाला.

वाघापेक्षा हे बरं. दीड पान झालं.

२७ डिसें.

आज हे लिहून ठेवतो नाईतर विसरन. विसरणार नाई पण.

मु. मले नदीवर घेऊन गेला. आजूबाजूले कोणी नाई पाहून गोट्यावर बसला. म्हणते, "शिवा, माह्यानं होत नाई आता. पंधरा दिवस झाले हळू बोलून राह्यलो. मी काय बोलून राह्यलो ते मलेच आयकू येत नाई."

समजलं नाई मले.

"डावा कान गेलेला हाय बे. लहानपनी वाहात होता. उजवा अर्धा. मले वाटे मी लोकाइसारखाच बोलतो."

"तुमी लय ओरडता जी."

"मी ओरडतो?" खराच चकित झाला. "मी तं बोलतो!"

मग हात धरला माझा. झाड पडायच्या आधी तोडणारा आवाज देते, तो मुकादमानं सगळ्याच्या आधी ऐकावा लागते. बहिरा मुकादम कोण ठेवन? ठेकेदाराले कळलं तं दुसऱ्या दिवशी घरी. बावीस साल लपवलं. लोक लवकर उठले पाहिजे म्हणून पाणी टाकते, कारण हाका मारल्या अन् ते "हो" म्हणाले तरी त्याले समजत नाई, उठले का नाई. ओला माणूस उठलेला डोळ्यानं दिसते.

तीन साल मी त्याच्यावर रागानं लिहिलं. नीट पाह्यलं एकदाही नाई.

२ जानेवारी १९५५

अकरा पानं. पाच दिवसात. एकही शिवी न खाता. कानाचं सगळं लिहिलं, नदी, गोटा, "मी तं बोलतो." आधीची सहा प्रकरणं याच्यापुढे डांबर. वाघ काढून टाकला. जालीमसिंगाचं नावही काढावं लागन.

लालसूले गमतीनं विचारलं, मु. ले ऐकू येते का रे बरोबर?

"इंगो," म्हणाला. म्हणजे हो. मग म्हणते, "उजव्यानं."

अन् तवा लक्षात आलं. लालसू कधीही मु. च्या उजव्या बाजूलेच उभा राहते. झाड कलायले लागलं की खांद्याले हात लावते. मले वाटे लाडीगोडी करते. कवडूले विचारलं, त्यालेही माहीत. तोडणाऱ्या साऱ्याइले माहीत. मु. ले वाटते कोणालेच माहीत नाई. कॅम्पात फक्त एका माणसाले माहीत नव्हतं, जो त्याच्यावर कादंबरी लिहून राह्यला होता.

बाईले सांगतलं तं इतक्या हसल्या की सुपारी ठसकली. मग म्हणाल्या, "ती अकरा पानं आण. त्याच्याशिवाय बाकीचं नेण्यात अर्थ नाही."

८ जाने.

मु. ले उजव्या बाजूनं बसून अकराही पानं वाचून दाखवली. लाकडाच्या थप्पीमागं, दुपारी. ओरडून वाचावी लागली. म्हणजे गुपित मीच अख्ख्या कूपाले ऐकवलं. तिकडे कुऱ्हाडी थांबल्या होत्या, मु. ले ते कळलं नाई.

संपलं. मग,

"हे छापलं तं ठेकेदार वाचन."

"नाव बदलतो जी. गावही."

"मुकादम बावीस साल, भामरागडचा कूप, डावा कान. नाव बदलून काय होते बे?"

खरं हाय. कान काढला तं कादंबरी नाई. ठेवला तं मुकादम नाई. म्हटलं, तुमी नाई म्हणा, फाडतो. (म्हटलं खरं. पानं घट्ट धरली होती.)

"फाडू नोको. एका जागी वाचून ये आंदी." गमछ्याशी खेळून राह्यला. "घरी. राधीले वाटते मी तिच्यावर चिडूनच बोलतो. लगन झाल्यापासून. मी कधी सांगतलं नाई. तू वाच. हसली तं छाप. रडली तं नोको छापू."

"अन् दोन्ही नाई केलं तं?"

"तसी नाई ते. काईतरी करनच."

संक्रांतीची सात दिवस सुट्टी दिली. मागितली नव्हती.

१४ जाने. प्रवासात

लाकडाच्या ट्रकवर आलापल्लीपर्यंत, पुढं बस. पानं सदऱ्याच्या आत. धूळ इतकी की मीही सागासारखा दिसून राह्यलो. सिंदेवाहीकडे माझं घर, तिथी आई वाट पाहते. आधी हे. बाई २२ ले निघतात. उलट हिशेब केला, २० ले पोचलंच पाहिजे. नागपूरच्या खोलीचा विचार आज आला नाई एवढा. राधाबाई कशी दिसत असन, त्याचाच.

१५ जाने. मूलजवळ, मुकादमाचं घर

फाटकाशी उभा होतो. आतून एक बारकीशी बाई आली अन् असा आवाज दिला की मी मागं सरलो. "कोन पाह्यजे?" मु. परीस मोठा! हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला!" कोंबड्या उडाल्या. म्हटलं मावशी, मुकादमानं पाठवलं, वाचून दाखवायचं हाय.

बसली. मी वाचलं. कानाच्या जागी आलो. तिनं हात वर केला.

"डावा ना?"

"तुमाले माहीत हाय?"

"लगनाच्या पयल्या सालापासून. मंगच तं मी जोरानं बोलाले लागली. माहेरी मले कोनी आयकतबी नव्हतं, इतकी हळू होती." आता आवाज एकदम साधा, बारीक. "त्याले वाटते मी भांडखोर हाव. वाटू दे."

"सांगू का त्याइले?"

"खबरदार! मले माहीत हाय म्हनून कळलं तं त्याले तोंड दाखवाले जागा राहीन का?"

पुढं वाचलं. संपलं. मी तिच्या तोंडाकडे पाहून राह्यलो, हसते का रडते. पदर तोंडावर घेतला होता. खांदे हलत होते. किती वेळ. कोणतं ते ओळखू आलं नाई, अन् पदर खाली आला तवा चेहरा कोरडा, चुलीकडे वळलेला.

विचारलं, "मावशी, हसल्या का रडल्या? मले सांगावं लागते तिथी."

"आंदी जेवून घे," म्हणाली. "मंग पुन्यांदा वाच. सुरवातीपासून. घाई नोको करू."

करडईची भाजी केली हाय. पानं खाटेवर हायत. ती आतून विचारून राह्यली, पुस्तकात तिचं नाव राधाबाईच राहीन का दुसरं. म्हणजे छापणार हे तिनं धरलंच. मी पहिलं पान पुन्हा वर काढलं.