जास्तीत जास्त सुख आणि आमच्या ले-आऊटचा कचरा

३ ऑगस्ट, रविवार
आजपासून रोजनिशी. आजपासूनच तत्त्वाने जगणे.
सकाळी दूध आणायला गेलो. वळणावरचा कचरा रस्त्यावर आलाय. तंबाखूच्या खर्ऱ्याच्या प्लास्टिक पन्न्या, कोंबडीची पिसं, डायपर, आणि त्यावर आरामात बसलेलं कुत्रं. दूध तसंच ठेवलं. चहा करवेना.
ले-आऊट, म्हणजे आमची प्लॉटांची वस्ती, सावली नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर, म्हणून कचऱ्याची घंटागाडी येत नाही. वीस घरं. डिश टीव्ही सगळ्यांकडे, लाज एकाकडेही नाही.
मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. उपयुक्ततावाद हा माझा हातखंडा धडा: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. पोरांना कळत नाही. ले-आऊटला कळवीन.

५ ऑगस्ट
गणित सुटलं. टोकाला भागीरथाबाईंचं मातीचं घर, ले-आऊटच्याही आधीचं. बाई एकट्या, तीन बकऱ्या. कचरा त्यांच्या कुंपणामागे गेला तर दुःखी घर एक, सुखी घरं एकोणीस.
याला कृती-उपयुक्ततावाद म्हणतात. समोरच्या कृतीचा परिणाम बघायचा, बाकी काही नाही. इतकं सोपं असून लोक घाणीत का राहतात?

१० ऑगस्ट, रविवार
लटारूभाऊंच्या ओसरीवर मीटिंग. भाऊ रिटायर्ड कंडक्टर, ले-आऊटचे अध्यक्ष. मी चाळीस मिनिटं बोललो. भाऊ तीनदा उठून थुंकून आले. मग म्हणाले, "सर, मले पटलं. पण त्या बाईले सांगन कोण?" सगळे माझ्याकडे बघायला लागले.
गेलो. बाई बकऱ्यांना पाला टाकत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "माह्या नाकाचा हिसाब कोणं केला?" म्हटलं, मीच केला. प्रत्येक माणूस एक, तुम्हीही एक. सिद्धांतात हा मोठा मान आहे. बाई म्हणाल्या, "मोजलं तं, निदान."
पटलं त्यांना.

१७ ऑगस्ट
वळण स्वच्छ. लोक मात्र तसेच. कुंपणाजवळ जायची किळस येते म्हणून दहा फुटांवरून पिशव्या भिरकावतात. मासोळ्यांची डोकी बाईंच्या परसात पडतात. बाई आता पुढच्या अंगणात जेवतात.
बायको चंद्रपूरला नोकरीला, शनिवारी येते. काल आली नाही. म्हणाली, वास फोनवरून येतो.
थोडं अस्वस्थ वाटलं. पण सुखालाही प्रत असते. वाचन-चिंतन वरच्या प्रतीचं, बकऱ्या राखणं खालच्या. म्हणजे बाईंचं नुकसान वाटतं तितकं नाही. हे लिहिताना पेनावर माशी बसली. शी.

२३ ऑगस्ट
बाईंची एक बकरी मेली. पोट फुगलं होतं. ढोरांच्या डॉक्टरने चिरून दाखवलं. पन्न्याच पन्न्या, आणि एक अख्खा डायपर. मी बाजूला जाऊन ओकलो.
बाईंनी बकरी गाडायला मला हात लावायला सांगितलं. पाठ दुखते म्हणालो. त्यांनी एकटीने ओढायला सुरुवात केली, तेव्हा नाकाला रुमाल लावून मागचे पाय धरले. बाई रडल्या नाहीत. माती लोटताना एवढंच म्हणाल्या, "गाभण होती."
जनावरांची वेदनाही मोजावी, असं पुस्तकात आहे. तो परिच्छेद मी शिकवत नाही, परीक्षेला येत नाही. आज मोजून पाहिली. बकरी एक, पोटात बहुधा दोन. तरी एकोणीस जास्तच.
जेवण गेलं नाही. वासामुळे असेल.

२६ ऑगस्ट
चूक माझी नाही, सिद्धांताच्या प्रकाराची होती. नियम-उपयुक्ततावाद घ्यायला हवा होता. एकेक कृती तपासायची नाही, सगळ्यांनी पाळला तर सुख वाढेल असा नियम करायचा. नियम केला: 'कचरा एकट्या राहणाऱ्याच्या घराशेजारी टाकावा.' आता यात भागीरथाबाईंचं नावच नाही. कोणावर अन्याय नाही.
सुवाच्य अक्षरात लिहून लटारूभाऊंना दिला. त्यांनी दोनदा वाचला, मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. आदर होता त्या नजरेत.

३१ ऑगस्ट, रविवार
मीटिंग. वारा फिरलाय, वास थेट लटारूभाऊंच्या स्वयंपाकघरात शिरतो. कचरा हलवायचं ठरलं. भाऊंनी माझा नियम मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "एकटे राहणारे दोनच. बाईची पाळी झाली."
मी बायकोचा मुद्दा मांडला. भाऊ म्हणाले, "वहिनी राह्यते कुठी? चंद्रपूरले."
मग मी पसंती-उपयुक्ततावाद काढला. सुख मोजता येत नाही, लोकांना काय हवं ते मोजा. त्यांनी लगेच मोजलं. अठरा हात वर.
"सर, नियम तुमचाच हाय ना?" भाऊंनी विचारलं. तत्त्वतः हो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
विरोधात एकच हात. भागीरथाबाईंचा. म्हणाल्या, "मले मालूम हाय थो वास. एकट्याच्या दारात नोका टाकू."
मला फार संकोच वाटला. परतताना त्यांना समजावलं, की तुमच्या परसातली घाण जातेय, म्हणजे हिशेबाने तुमचा हात वर जायला हवा होता. त्या म्हणाल्या, "हिसाब तुमच्यापाशी राहू द्या, सर. चहा ठेवून राह्यली, येता का?"
बाईंना सिद्धांत मुळीच कळलेला नाही. चहाला गेलो. दोन कप प्यालो. घरी आलो तर फाटकाशी सात पिशव्या, एक फुटलेली.